हिवरापासून डावीकडे

काल तुझी राईड झाली. कोणत्या रस्त्यानं झाली ते शेवटी सांगतो. तुले घाई असते हे मले माहीत आहे. गोष्ट सुरू व्हायच्या आधीच "मंग? मंग काय झालं?" म्हणून मागं लागायची. या खेपेले मात्र ऐकून घ्यावं लागंल. मधी बोलता येत नाई तुले आता, एवढाच काय तो माझा फायदा.

मले लिहायची सवय नाई. शाळा चौथीपर्यंत, त्यातही अर्धी म्हशीच्या मागं. पण बोरगाव मेघेची प्राजक्ता म्हणाली, "काका, काकूंबद्दल चार शब्द लिहून द्या, आमच्या सायकलवाल्यांच्या अंकात छापू." मी म्हटलं, तिच्याबद्दल नाई लिहिणार, तिलेच लिहीन. बाकीच्यायले वाचाचं तर वाचो.

पंचफुला नाव तुझं. उभ्या संसारात मी ते तोंडानं घेतलं नाई. "का वं" म्हटलं की तू पाहे, काम भागे. कागदावर घ्याले तेवढी लाज वाटत नाई असं दिसते.

तुझी तेरवी व्हायची होती तेव्हाची गोष्ट. सकाळीच तुझी मंडळी बसाले आली. सायकलीवरच आली. अंगाले चिकटलेले कपडे, डोक्यावर टोपल्यासारख्या टोप्या. माझी मोठी बहीण गंगाबाई तू गेल्यापासून आपलं घर धरून बसली आहे. ती दारातूनच ओरडली, "कोन होय रे हे सर्कसवाले? इथं मानूस मेलं हाय."

मी म्हटलं, "बाई, हे तिचेच लोक होय."

"तिचे? हे?"

"येऊ दे."

त्यायनं टोप्या काढल्या, ओसरीवर सतरंजीवर बसले. प्राजक्ता तुले माहीत आहे, बँकेत कामाले, चढावरही जिचं तोंड बंद होत नाई. ती खाली पाहून सतरंजीचा धागा ओढत होती. मंग तिनं गोठ्याच्या भिंतीले टेकलेली तुझी सायकल पाहिली अन् म्हणाली, "काका, यंदा आम्ही डांबरी रस्त्यानंच जाऊ. अल्लीपूरहून सरळ हिंगणघाट. हिवराच्या झाडाशी उभं राहायला काकू नाहीत, लोक रस्ता चुकतील. आणि तुम्हालाही त्रास नको."

मी "बरं" म्हटलं.

ते गेले अन् मी पुढ्यातलं ताट सारलं. त्रास नको म्हणे! डांबरावरून जाचं होतं तर हे जाड टायर कायले घेतले यायनं? मले कळत होतं ना. एकदा का हे लोक डांबरावरून गेले, की पुढच्या वर्षीही जातील. तुझ्या पांदणीवर कोणी येणार नाई. दोन पावसाळ्यात बोरी अन् बाभळी वाट खाऊन टाकतील. तू गेली ते गेली. आता तुझा रस्ताही जाणार, हे मात्र मले सोसेना.

वाचणाऱ्यायले तुझा रस्ता कसा झाला ते माहीत नाई. म्हणून तुझ्यासमोरच सांगतो. चुकलं तर पाय आपट.

आपल्या नातीले शाळेतून सायकल भेटली होती. ती शिकाले वर्ध्याले गेली अन् सायकल गोठ्यात उभी राह्यली. कोंबड्या सीटवर बसत. सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं, तेव्हा एक दिवस तू म्हणाली, "अवो, हे मले शिकवा."

"गुडघ्याले तेल चोळाचं वय, अन् सायकल?"

"गुडघे माहे हायेत. तुमी कॅरिअर धरा."

पहिल्या दिवशी साडी चेनमध्ये गेली, तू अन् सायकल दोघी आडव्या. मी म्हटलं, झाली हौस. दुसऱ्या दिवशी तू पेटीतून तुझ्या मायचं लाल लुगडं काढलं. ज्या लुगड्यावर ती जल्मभर वावरात निंदाले गेली, तेच. मागं कासोटा घालून माझ्यासमोर उभी राह्यली. "आता बोला." मी कॅरिअर धरलं अन् पळालो. पळता पळता पाहतो तर माझे हात रिकामे, अन् तू बांधाच्या धुऱ्यापर्यंत गेलेली. वळता येत नव्हतं, म्हणून तशीच सरळ शेजाऱ्याच्या तुरीत शिरली. मले तू दिसेना. तुरीतून नुसता आवाज आला, "अवो, आली मले! सायकल आली!"

मी त्या धुऱ्यावर बसून हसलो. तुले राग आला असं वाटलं होतं. पण तू तुरीतून निघाली ते डोक्यात पिवळी फुलं अडकवून, अन् म्हणाली, "आता वळाचं शिकवा."

त्यानंतर तू घरात सापडेना. अल्लीपूरच्या बाजाराले सायकल, नदीवर सायकल, गढीच्या गावाले सायकल. पानठेल्यावर लोक मले डिवचत, "काय भाऊ, घरचं मानूस कुठी निघालं आज?" मी म्हणो, "तिलेच विचारा, थांबली तर." तोंडावर कडू दाखवो, पण आतून बरं वाटे. माझा पाय मुरगळला होता तेव्हाचं आठवते का? एसटी आली नाई अन् तू म्हणाली, बसा मागं. मी तुझ्या कॅरिअरवर बसून भर बाजारात अल्लीपुरात गेलो. भाजीवाली ओरडली, "काय वं पंचफुला, सासरी नेऊन राह्यली का बुढ्याले?" तू घंटी वाजवली अन् म्हणाली, "परत आणीन, विकाले नाई आणला." साऱ्या बाजारानं दात काढले. मी खाली मान घालून बसलो होतो, पण एक सांगतो. त्या दिवशी मले उतरायची घाई नव्हती.

सायकलवाले तुले भेटले ते चिखलात. अवकाळी पाणी पडून गेलतं. काळ्या मातीत यायच्या चाकायचे गोळे झाले होते, सायकली खांद्यावर घेऊन हे लोक पांदणीत उभे. तू समोरून आली, त्यायले पाहून इतकी हसली, इतकी हसली, की स्वतःच घसरून त्याच चिखलात बसली. मंग काय, सारेच हसले. तुमची दोस्ती तिथं झाली. घरी घेऊन आली सगळ्यायले, अंगण सारं माखून टाकलं. माझ्या आंघोळीचं पाणी त्यायच्या सायकली धुवाले गेलं.

त्या दिवशी प्राजक्तानं सांगितलं, त्यायले गिट्टी-मुरुमाचेच रस्ते पाहिजेत, त्याले ग्रॅव्हल म्हणतात, देशोदेशीचे लोक असे रस्ते शोधत फिरतात. मी म्हटलं, ज्या रस्त्यानं आमच्या पायाचे तळवे सोलले, त्याची यायले हौस! तू म्हणाली, "हौस हाय तर दाखवू ना. आपलं काय जाते?"

अन् दाखवलाही. काय रस्ता काढला तू! काळी माती टाळत टाळत, बरडावरून. बरड म्हणजे आपली ती मुरमाड जमीन, पिकाले खोटी पण चाकाले खरी. बोरगाव मेघेहून निघाचं, पांदणीपांदणीनं अल्लीपूर, तिथून यशोदा नदीच्या काठानं गढीच्या गावातून आपल्या वावरात. इथं जेवण. मंग दोन नद्यायच्या मधला तो उंच बरड, जिथं उभं राहिलं की मागं यशोदेच्या झाडायची रांग दिसते अन् पुढं वणा नदीची. तिथून उतरत उतरत हिंगणघाट. त्या उताराले दोन्हीकडच्या बाभळीले कापसाचे पुंजके लागलेले असतात, जिनिंगले जाणाऱ्या गाड्यायतून उडालेले. तू पहिल्यांदा वणेच्या घाटावर पोचली तेव्हा पाय पाण्यात सोडून बसली अन् तिथून मले फोन केला. "अवो, दोन नद्या केल्या मी आज." दोन भाकरी केल्या, असं सांगावं तसं.

गढीपाशी तू लोकायले गोष्ट सांगे. म्हणे इथं एक राणी राहे, तिची पांढरी घोडी होती, रोज सकाळी ती घोडी त्या दगडी पायऱ्या उतरून नदीवर पाणी प्याले जाय. मी तुले म्हटलं, "काय थापा मारते वं? राणी नव्हती, सारा वसूल करणारा मालगुजार होता. अन् पोट सुटलेला होता."

"पाहाले कोन गेलतं?" तू म्हणाली. "राणी सांगतली की पोरी सायकलवरून उतरतात, पायऱ्या पाह्यतात, महादेवाच्या देवळात डोकावतात. मालगुजार सांगतला की पानी पिऊन निघून जातात."

आता हिवराचं सांगतो, कारण भांडण तिथंच होतं.

अल्लीपूरहून आपल्याकडे येताना पांदणीले फाटा फुटते, तिथं ते पांढऱ्या खोडाचं जुनं हिवर. उजवीकडचा रस्ता नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठानं सरळ आपल्या वावरात. डावीकडचा खाली उतरून नदी ओलांडते, गढीच्या गावातून जाते, वर चढते, वळसा घेते अन् पुन्हा नदी ओलांडून त्याच वावरात येते. मधी दोन नाले, गोटेच गोटे. मी जल्मभर उजवीकडून बैलगाडी हाकली. कामाचा माणूस तिकडूनच जाणार.

मी म्हणो, "उजवीकडून आलं तर चहा थंड व्हाच्या आत मानूस घरी."

तू म्हणे, "चहा पुन्हा गरम करता येते."

"काऊन जाते इतक्या लांबून?"

"पाहाले."

"काय पाहाले?"

"एक दिवस सोबत येजा, मंग समजंल."

कसा येणार होतो? राईडच्या दिवशी मले रोडगे असत. इतक्या लोकायचे रोडगे म्हणजे सकाळपासून गोवऱ्या पेटवा, निखारे करा, कणकेचे गोळे भाजा, राख झटका. तिकडे वांग्याची भाजी रटरटत असते, ते पाहा. डोळे धुरानं लाल. तू अन् तुझी पलटण वाजत गाजत येणार, अन् तू पहिलं वाक्य काय म्हणणार, "झाले का?" दर वर्षी मी म्हणो, उजवीकडून आली असती तर गरम भेटले असते. दर वर्षी तू म्हणे, गरमच हायेत. हे भांडण आपलं कधी मिटलं नाई.

अन् चिंध्यायचं ते प्रकरण. ते सांगितल्याशिवाय पुढचं कोणाले समजणार नाई.

पहिल्या वर्षी लोकायले वळण कळावं म्हणून तू हिवराच्या डाव्या फांदीले जुन्या पातळाची लाल चिंधी बांधली. चांगली युक्ती होती, सगळे बरोबर आले. दुसऱ्या वर्षी राईडच्या दिवशी पाहतो तर तू जेवणाच्या जागेवर उभी, अन् माणूस एक येईना. मंग प्राजक्ताचा फोन. तिचा आवाज मलेही ऐकू आला. "काकू, कोणत्या चिंधीकडे वळायचं? इथं सगळीकडे चिंध्या आहेत!"

कोणीतरी जाणारीनं तुझी चिंधी पाहिली, नवसाची समजली, आपलीही बांधली. तिची पाहून दुसरीनं. वर्षभरात झाड भरून गेलं होतं. हिरव्या, पिवळ्या, लेकराच्या झबल्याच्या, एक तर टॉवेलचा तुकडा. बुडाशी शेंदूर लावलेला दगड, नारळाच्या शेंड्या. अन् नुसतं हिवरच नाई, पलीकडची बाभूळ, नहराचा खांब, जिथं गाठ बसंल तिथं. तुझे अर्धे लोक नहरावर गेलते, काही जण कोणाच्यातरी तुरीतून विहिरीवर निघाले. तू फोन हातात धरून बांधावर बसली अन् पोट धरून हसली. "देव केला वं माय माह्या चिंधीचा!"

मी म्हटलं, "उद्या जाऊन साऱ्या काढून टाकतो. एक फांदी तोडली की झालं."

तुझं हसू बंद झालं. "हात नोका लावू. दुसऱ्याची गाठ सोडता का तुमी? एखादीनं लेकरासाठी बांधली असंल."

"अवं, पण तिथं देवच नाई. तुहीच चिंधी होय ते."

"तिनं बांधली तवा तिच्यासाठी होता."

शिकल्यासवरलेल्या लोकायच्या बैठकीत मी बसलो आहे, कीर्तनं ऐकली आहेत, पण इतकी मोठी गोष्ट इतक्या कमी शब्दात कोणी बोललेलं मी ऐकलं नाई. अन् तू ते बोलून लगेच वांगे चिराले बसली.

मंग तूच उपाय काढला. दर वर्षी पहाटे सायकल घेऊन हिवराशी जाऊन उभी राहाचं. लाल लुगडं, डावा हात लांब. चिंधीच्या जागी तूच. येईल त्याले ओरडून सांगाचं, "डावीकडे बापा, डावीकडे! नहराकडे जाजो नोको, तिकडून माहा नवरा जाते!" हे मले प्राजक्तानंच सांगितलं होतं. मी खोटा राग दाखवला होता.

म्हणून आता हिवराशी कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. म्हणून डांबरी रस्ता.

तेरवी झाली अन् गंगाबाईनं तुझ्या कपड्यायचं गाठोडं बांधलं, द्याले. मी त्यातून लाल लुगडं ओढून काढलं.

"नामा, ठेवू नाई रे मेल्या मानसाचं. देऊन टाकाव."

"बाकी सारं दे. हे कामाचं हाय."

"कोन्त्या कामाचं?"

मी सांगितलं. बाई जी भडकली! "तिचं वर्षसराद्ध व्हाचं हाय. वर्षभर दारात पंगत बसवते का कोनी? अन् बायकोचं लुगडं घेऊन रानात उभा राह्यशीन? बुढा चळला म्हनतीन लोक."

"म्हनू दे. हे सनवार नोय बाई, हे तिचं काम होय. काम थांबवत नाईत."

"अन् रोडगे? तू तिकडे गेल्यावर रोडगे कोन करंल? मी तर हात लावनार नाई, सांगून ठेवलं."

"नोको लावू. बिस्किटं खातील."

मी प्राजक्ताले फोन लावला. "हिवरापासून डावीकडेच या. मी उभा राहतो." ती म्हणे, "काका, तुम्ही? तुम्ही तर नहरवाले!"

"जास्त बोलू नको. येजो."

तू शेवटी खाटेवर पडल्या पडल्या म्हणत होती ना, यंदा दुसऱ्या नाल्यात दगड टाकावे लागतील, पाण्यानं वाट खचली आहे. टाकले. दोन दिवस लागले, पाठ धरली. आता तू म्हणशीन, मोठे काऊन टाकले. लहान वाहून जातात म्हणून.

काल पहाटे तुझी सायकल घेऊन गेलो. ती ठेंगणी, माझे गुडघे हँडलले लागत होते. थंडी होती म्हणून लुगडं अंगावरच घेतलं. त्याले पेटीतल्या कापराचा वास होता, अन् चेनच्या ग्रीसचाही. हिवराखाली उभा राह्यलो. नदीवर धुकं. तुरीत पाखरं.

एक बाई लेकराले कडेवर घेऊन आली. फांदीले चिंधी बांधली, माझ्याकडे पाहिलं, माझ्या अंगावरचं लुगडं पाहिलं. म्हणाली, "बाबा, फांदी वाकवून धरू का? हात पुरत नसंल तुमचा."

"नाई माय. हे बांधाचं नाई."

"कोनासाठी मागून राह्यले?"

"माहं मागून झालं," मी म्हटलं. तिनं दगडाले हात जोडले, मलेही जोडले अन् गेली.

मंग दुरून घंट्या ऐकू आल्या. पांदणीच्या वळणावर पहिली सायकल निघाली अन् जाग्यावर थांबली. प्राजक्ताच होती. मंग जोरात आली, उतरली, तोंड सारं ओलं. "काका, लांबून वाटलं..."

"मलेही पेटीतून काढताना वाटलं होतं. रडू नको. पुढं उतार हाय, ब्रेक धर."

मागून बाकीचे आले. एक नवा पोरगा, तुले न पाहिलेला, त्यानं विचारलं, "काका, कुठं वळायचं?"

मी हात लांब केला. "डावीकडे."

निघाला बापा शब्द! तुझ्याशी इतकी वर्षं भांडलो तेव्हा हा तोंडातून निघाला नव्हता. मंग दर माणसाले म्हणत गेलो, डावीकडे, डावीकडे, नहराकडे जाजो नोको. थोड्या वेळात खांदा भरून आला. तू दर वर्षी शेवटच्या माणसापर्यंत हात खाली घेत नव्हती म्हणतात. कसा ठेवत होती वं? दिवसभर कापूस वेचणारे हात, त्यायले हे काय जड. माझ्यानं नाई झालं. मधी मधी हात बदलला.

शेवटचा गेला. मी सायकलवर बसलो अन् सवयीनं हँडल उजवीकडे वळवलं. थोडं गेलोही. मंग थांबलो. लोकायले एक सांगाचं अन् आपण दुसरीकडून जाचं, हे काही बरं नाई. फिरलो.

खाली उतरलो, नदीकाठानं गेलो. पाणी स्वच्छ, तळाचे गोटे दिसत होते. गढीच्या पायऱ्या पाहिल्या, अर्ध्या झिजलेल्या, अर्ध्या गवतात. इथून मालगुजार उतरत असंल असं मनात आणून पाहिलं, जमलं नाई. तुझी ती पांढरी घोडीच आली डोळ्यासमोर. तुझ्या थापा पक्क्या असतात. मंग चढ. चढावर मी उतरलो, सायकल ढकलली. तू उतरत नव्हती हे प्राजक्तानं मले आधीच सांगून ठेवलं होतं.

चढ संपते तिथं वळण आहे. तिथं सगळे उभे होते. मले वाटलं कोणाची सायकल पंक्चर झाली.

"काका, इथं थांबायचंच असतं," प्राजक्ता म्हणाली. "काकू हिवराकडून मागून येऊन आम्हाला गाठायच्या आणि सगळ्यांना इथं थांबवायच्या."

"काऊन?"

तिनं नदीच्या पलीकडे बोट केलं. खाली आपलं वावर. हरभऱ्याचा हिरवा पट्टा, गोठा, बांधावरचा आंबा, सारं तळहातावर ठेवल्यासारखं. "इथून धूर दिसायचा. काकू म्हणायच्या..." अन् ती पोरगी हुबेहूब तुझ्या आवाजात बोलली, "तो धूर पाहा. तिथं माहा बुढा बसला हाय, डोये चोळत, मले शिव्या देत. त्याच्यासारखे रोडगे साऱ्या जिल्ह्यात कोनाले जमत नाईत. त्याले सांगजा नोका, फुगंल."

मी पाहतच राह्यलो. कारण धूर होता.

आंब्याच्या बाजूले, माझ्या नेहमीच्या जागेवर, निळा धूर सरळ वर जात होता. त्याच्यापाशी पांढऱ्या लुगड्यातली एक म्हातारी वाकून फुंकर मारून राह्यली होती. गंगाबाई. रोडग्याले हात न लावणारी.

एवढ्याच्यासाठी लांबून जात होती तू. मी तिकडे धुरात बसून नहराच्या वाटेकडे पाहो, कधी येते ही म्हणून. अन् तू इथून मलेच पाहून राह्यली होती. एका शब्दानं सांगितलं नाई. सांगितलं असतं तर... तर काय, मी म्हटलं असतं, धूर काय पाहाचा असते, उजवीकडून ये. नाई सांगितलं ते बरंच केलं.

रोडगे एका बाजूनं करपले होते. बाईले निखारा समजत नाई. पण सगळ्यायनं मागून मागून खाल्ले. बाईनं त्या चिकट कपडेवाल्यायले वाढताना पहिल्यांदा पदर सावरला, दुसऱ्यांदा विचारलं, "हे टोपी कितीची भेटते रे?" तू असती तर तिच्या डोक्यावरच घातली असती.

दुपारी ते बरडावरून हिंगणघाटले गेले. संध्याकाळी प्राजक्ताचा फोन आला, वणेवर पोचलो म्हणून. पाय पाण्यात सोडून बसलो, म्हणे. पुढच्या वर्षीही हिवराशी कोण, हे तिनं विचारलं नाई अन् मी सांगितलं नाई. लुगडं धुवून वाळत घातलं आहे. पेटीत ठेवीन. सायकलची चेन ढिली झाली आहे, उद्या कसतो.

तू सायकल चांगली चालवत होती. हे सांगाचं राहून गेलतं. अन् दुसरं हे की, डावीकडचाच रस्ता चांगला आहे, पंचफुला.